दवबिंदूला फुलू द्या

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये माझा भाचा एक इवलीशी कुंडी घेऊन घरी आला. चहाच्या कपाएवढी प्लास्टिकची डबी आणि तिच्यात रुपयाच्या नाण्याएवढे, मातीला चिकटून पसरलेले तांबूस झाड. पानांवर बारीक केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चकाकणारा थेंब. ‘‘मावशी, याला खत घालू नकोस हं. हे आपलं आपण किडे पकडून खातं,’’ एवढे सांगून तो गेला. झाडाचे नाव ड्रोसेरा बर्मानी. मराठीत या कुळातल्या झाडांना आपण दवबिंदू म्हणतो.

महिना-दीड महिन्याने झाडाच्या मधोमध विंचवाच्या नांगीसारखा वळलेला एक कोंब दिसू लागला. फुलाचा दांडा! मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, ‘‘लगेच काप तो. फुलायला लागलं की झाडाची सगळी ताकद जाते. सगळे तेच सांगतात.’’ टाके काढायच्या कात्रीने मी तो दांडा कापला. पंधरा दिवसांत दुसरा आला, तोही कापला. दिवाळीच्या सुमारास झाडाची बाहेरची पाने काळी पडू लागली आणि डिसेंबरात कुंडीत फक्त ओली माती उरली.

पाणी जास्त झाले का, ऊन कमी पडले का, असे प्रश्न मला पडले. नंतर नीट वाचन केल्यावर चूक कळली. ही जात बहुतेक वेळा एकाच हंगामाची सोबतीण असते. पावसात रुजायचे, फुलायचे, बी धरायचे आणि वाळून जायचे, हा तिचा जीवनक्रम. दांडा कापला म्हणून ती वाचणार नव्हती. जे मागे राहणार होते, ते मात्र मी कापून टाकले होते.

‘फुलाचा दांडा कापा’ हा सल्ला खोटा नाही. तो दुसऱ्या झाडासाठी दिलेला आहे. शेजारणीला लागू पडलेली गोळी स्वतःही घेऊन आलेले रुग्ण ओपीडीत मी रोज पाहते आणि त्यांना रागावतेही. इथे मीच एका रोग्याची चिठ्ठी दुसऱ्याला चालवली होती. म्हणून हा लेख. दवबिंदूला फुलू द्यावे का, कधी द्यावे, त्याचे बी कसे धरावे आणि कसे पेरावे, आणि हे करताना आपल्या आरोग्याची काय काळजी घ्यावी, हे यात सांगणार आहे.

आपल्याच कातळावरचे झाड

कीटकभक्षी वनस्पती म्हटले की आपल्याला परदेशातली जंगले आठवतात. प्रत्यक्षात दवबिंदूच्या दोनशेहून अधिक जाती अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांवर आढळतात. भारतात प्रामुख्याने तीन जाती आहेत. ड्रोसेरा इंडिका ही उभी वाढणारी, दोऱ्यासारख्या लांब पानांची. ड्रोसेरा बर्मानी ही जमिनीलगत चकतीसारखी पसरणारी. तिसरी ड्रोसेरा पेल्टाटा ही डोंगराळ भागातली. पहिल्या दोन आपल्याकडच्या सह्याद्रीतल्या पठारांवर, कोकण-गोव्याच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर पावसाळ्यात दिसतात. साताऱ्याजवळच्या कास पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरात सीतेची आसवे पाहायला आपण मान वर करून चालतो, तेव्हा बुटाशेजारीच दवबिंदू चमकत असतो.

कातळावर माती जेमतेम काही बोटे जाडीची. पावसाचे पाणी तिच्यातले क्षार धुऊन नेते. नत्र आणि स्फुरद नावालाच शिल्लक राहतात. पाणी आणि ऊन भरपूर, पण अन्नद्रव्यांचा दुष्काळ. या दुष्काळावर दवबिंदूने शोधलेला उपाय म्हणजे कीटक.

पानावरचा प्रत्येक केस म्हणजे टोकाला ग्रंथी असलेला एक देठ. ग्रंथीतून चिकट स्राव येतो. थेंब समजून किंवा चमक पाहून आलेले चिलट त्याला चिकटते. त्याच्या धडपडीने आजूबाजूचे केस त्याच्याकडे वाकतात. बर्मानीच्या कडेचे केस तर काही सेकंदांत आत मिटतात. मग त्याच ग्रंथी आम्ल आणि प्रथिने फोडणारी विकरे सोडतात, आणि विरघळलेला रस पान शोषून घेते. पचनाच्या दृष्टीने पाहिले तर हे उघड्यावर ठेवलेले जठर आहे.

ही तुलना माझी नाही. चार्ल्स डार्विनने १८६० च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यात दवबिंदूच्या पानांवर चिकटलेले कीटक पाहिले आणि पुढची अनेक वर्षे अधूनमधून तो या झाडावर प्रयोग करत राहिला. १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवरचे त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाचे बारीक तुकडे त्याने पानावर ठेवले. ते विरघळू लागले. अल्कली घालून आम्ल मारले तेव्हा पचन थांबले, पुन्हा आम्ल दिले तेव्हा ते सुरू झाले. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला शरीरक्रियाशास्त्रात आम्ही पेप्सिनबद्दल जे शिकतो, तेच इथे एका झाडाच्या पानावर घडत होते.

सूपच्या थाळ्यांतला प्रयोग

तरीही एक प्रश्न उरला होता. कीटक पचवता येतात हे खरे, पण त्याचा झाडाला उपयोग काय? कीटक न देताही दवबिंदू हिरवागार राहतो, मग ही सगळी खटपट कशासाठी, असे त्या काळातले टीकाकार विचारत.

याचे उत्तर चार्ल्सचा मुलगा फ्रान्सिस डार्विन याने दिले. फ्रान्सिस वैद्यकाची पदवी घेतलेला, पण दवाखाना न थाटता वनस्पतींच्या अभ्यासाकडे वळलेला. १८७७ च्या जूनमध्ये त्याने दवबिंदूची सुमारे दोनशे रोपे सूप पिण्याच्या खोलगट थाळ्यांमध्ये लावली. प्रत्येक थाळीच्या मधोमध लाकडी पट्टी उभी केली. एका बाजूच्या रोपांना भाजलेल्या मांसाचे अगदी बारीक कण दिले, दुसऱ्या बाजूच्या रोपांना काहीच नाही. बाहेरचा कीटक येऊ नये म्हणून वर जाळीचे कापड घातले. माती तीच, पाणी तेच, ऊन तेच. फरक फक्त खाण्याचा. आज आम्ही ज्याला तुलनात्मक चाचणी म्हणतो, तिचा हा नेटका नमुना.

हंगामाच्या शेवटी मोजणी झाली. खाऊ घातलेली रोपे थोडी दांडगी होती, त्यांना फुलांचे दांडेही जास्त आले होते. खरा फरक बियांत दिसला. न खाल्लेल्या रोपांच्या तुलनेत त्यांना जवळजवळ अडीच पट बिया आल्या होत्या आणि बियांचे एकूण वजन पावणेचार पटींहून अधिक भरले होते.

आधीच्या लोकांना उपयोग दिसला नव्हता, कारण ते पाने पाहत होते. दवबिंदूला पाने टिकवायला कीटक लागतातच असे नाही. त्याला ते लागतात मुख्यतः फूल आणि बी धरण्यासाठी. नत्र आणि स्फुरद यांची सर्वांत मोठी गरज बी भरताना असते. गरोदर बाईच्या आहाराबद्दल आम्ही जे सांगतो, त्याचीच ही झाडातली आवृत्ती.

हे लक्षात आल्यावर मला माझ्या कात्रीची खंत अधिक वाटली. झाडाने जुलै ते सप्टेंबर पकडलेल्या प्रत्येक चिलटाचा हिशोब ज्या एका गोष्टीसाठी होता, नेमकी तीच मी कापली होती.

कापायचे कोणाचे, राखायचे कोणाचे?

दांडा कापण्याचा सल्ला आला तो मुख्यतः व्हीनस फ्लायट्रॅपच्या शौकिनांकडून. ते झाड बहुवर्षायू आहे, अमेरिकेतल्या कॅरोलिना भागातले. नुकते विकत घेतलेले, प्रवासाने थकलेले किंवा आपल्याकडच्या उन्हाने कोमेजलेले फ्लायट्रॅपचे रोप फुलावर आले तर त्याची वाढ खरोखर खुंटते. अशा रोपाचा दांडा बोटभर असतानाच कापणे योग्य.

दवबिंदूत मात्र जातीप्रमाणे उत्तर बदलते.

बर्मानी आणि इंडिका यांसारख्या वर्षायू जातींचा दांडा कधीही कापू नये. फूल हीच त्यांची पुढची पिढी. कापले तर पुढच्या वर्षी तुमच्याकडे काही उरणार नाही.

ड्रोसेरा कॅपेन्सिस ही दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातली जात आपल्याकडच्या शौकिनांत बरीच दिसते. ती बहुवर्षायू असूनही सुदृढ रोपाला फुलण्याचा फारसा त्रास होत नाही. तिला खुशाल फुलू द्या. फक्त रोप आजारी असेल, कुंडी नुकतीच बदललेली असेल किंवा पानांवर थेंब येणे बंद झाले असेल, तर एका हंगामापुरता दांडा कापा. ताप असताना व्यायाम नको, इतकेच त्याचे कारण.

पेल्टाटासारख्या काही जाती जमिनीखाली छोटा कंद धरतात. हंगाम संपला की वरचा भाग वाळतो आणि कंद राहतो. वरचे वाळले म्हणून कुंडी रिकामी करू नये.

आणखी एक प्रकार आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या ड्रोसेरा बिनाटाच्या पुष्कळ रोपांना स्वतःच्या परागांनी बी धरत नाही. संकरित जातीही बऱ्याचदा वांझ असतात. त्यांचे फूल शोभेपुरते पाहावे आणि रोपे वाढवायची तर पानांचे किंवा मुळांचे तुकडे लावावेत.

फुलाची काही तासांची दुपार

दवबिंदूचे फूल पाहायचे तर रजेच्या दिवशी पाहावे, कारण ते ऊन पडल्यावर उघडते आणि काही तासांत मिटते. बर्मानीची फुले पांढरी, कॅपेन्सिसची गुलाबी-जांभळी. दोन्हींना पाच पाकळ्या. दांडा उलगडत जातो तशी एकामागून एक कळी वर येते आणि साधारणपणे रोज एक फूल उमलते. ढगाळ दिवशी काही जातींची फुले उघडतही नाहीत, तरी आतल्या आत बी धरतात.

दांडा पानांपासून इतका उंच का, हा एक मजेदार प्रश्न आहे. पानांना कीटक खायचे आहेत आणि फुलांना कीटकांकडून परागीभवन करून घ्यायचे आहे. एकाच घरात कसाई आणि यजमान. म्हणून फूल सापळ्यापासून दूर ठेवले असावे, असे पूर्वी मानले जाई. दक्षिण आफ्रिकेतल्या दवबिंदूंवर झालेल्या अभ्यासातून दुसरी शक्यताही पुढे आली आहे. उंचावरचे फूल परागवाहक कीटकांना लांबून दिसते, त्याकडे ते जास्त येतात, आणि उंच दांड्याचे खरे कारण हेच असू शकते. कारण कोणतेही असो, गॅलरीत कीटक फिरकला नाही तरी बर्मानी आणि कॅपेन्सिसचे काम अडत नाही. संध्याकाळी फूल मिटताना पुंकेसर कुक्षीवर दाबले जातात आणि स्वपरागण होते. ब्रश फिरवण्याची गरज नाही.

फुलण्याच्या काळात झाडाला थोडे खायला मिळाले तर बी चांगले भरते, हे फ्रान्सिसच्या थाळ्यांनी दाखवलेच आहे. कुंडी उघड्यावर असेल तर झाड स्वतः पुरेसे पकडते. बंद गॅलरीत असेल तर माशांच्या कोरड्या खाद्याची पूड दातकोरणीच्या टोकावर घेऊन दहा-पंधरा दिवसांतून एकदा दोन-तीन पानांवर लावावी. मटणाचा तुकडा, भात, पनीर असले काही ठेवू नये. पान पचवण्याआधी ते कुजते आणि पानही कुजवते.

बी धरणे

फूल मिटल्यावर तिथे छोटे बोंड तयार होते. कॅपेन्सिसचे बोंड पिकायला महिना-दीड महिना लागतो. दांडा तपकिरी होऊन कोरडा पडला की समजावे, वेळ झाली. दांड्याखाली पांढरा कागद धरून हलकेच टिचकी मारावी. शाईचे पेन झटकल्यावर पडतात तसे काळे ठिपके कागदावर पडतील. तेच बी. लांबी अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. पंखा बंद ठेवा आणि शिंक आवरा, नाहीतर वर्षाचे पीक गॅलरीबाहेर जाईल.

सगळे बी ओल्या कुंडीतच सांडू दिले तरी चालते, पुष्कळदा ते आपोआप रुजते. जपून ठेवायचे असेल तर कागदाच्या पुडीत ठेवावे. पूर्वी सरकारी दवाखान्यात कंपाउंडर पावडरच्या पुड्या बांधत, तशी घडी घातली की एकही दाणा सांडत नाही. वर जातीचे नाव आणि तारीख लिहावी. पुडी हवाबंद डबीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. प्लास्टिकच्या पिशवीत थेट ठेवलेले बी पिशवीला चिकटते आणि ओल राहिली तर बुरशी धरते.

पेरणी: मातीत पुरू नका

मेथी-कोथिंबीर पेरणाऱ्या हातांना इथे सवय बदलावी लागते. दवबिंदूचे बी इतके लहान आहे की त्यात साठवलेले अन्न जवळपास नसतेच. वर आल्याबरोबर त्याला स्वतःचे अन्न स्वतः तयार करावे लागते. म्हणून त्याला रुजायला उजेड हवा. ते पृष्ठभागावर भुरभुरायचे आणि वर माती टाकायची नाही.

माध्यम साधे ठेवावे. पीट मॉस आणि धुतलेली जाडसर वाळू निम्मी-निम्मी. पीट मिळाले नाही तर कोकोपीट चालते, पण त्यात क्षार असतात. पावसाच्या पाण्यात भिजवून, पिळून, पुन्हा भिजवून असे चार-पाच वेळा धुतल्याशिवाय वापरू नये. समुद्राची वाळू, बागेतली माती, शेणखत, गांडूळखत यांपैकी काहीही नको. ज्या झाडाने उपाशी जमिनीत राहण्यासाठी सगळे शरीर घडवले, त्याच्या मुळांना खत म्हणजे विष.

पाण्याचेही तेच. बोअरचे पाणी चालत नाही. पावसाचे पाणी उत्तम. नाहीतर डिस्टिल्ड किंवा आरओचे पाणी वापरावे. मापक असेल तर विरघळलेले क्षार ५० पीपीएमच्या आत असावेत.

वेळ जातीप्रमाणे ठरवावी. बर्मानी आणि इंडिका या आपल्या हवेच्या जाती, त्यांना ऊब आवडते. पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की जून-जुलैत पेराव्यात. कॅपेन्सिसला कडक उन्हाळा सोसत नाही, ती ऑक्टोबरात पेरलेली बरी. इंग्लंडमधल्या डार्विनची रोटुंडिफोलिया ही थंड प्रदेशातली. तिच्या बियांना ओल्या माध्यमात चार ते सहा आठवडे फ्रीजमध्ये ठेवून खोटा हिवाळा दाखवावा लागतो. आपल्याकडे तिच्या वाटेला न गेलेले बरे.

कुंडी भिजवून घ्यावी, बी पसरून टाकावे आणि वर पारदर्शक प्लास्टिकचे झाकण ठेवावे. झाकणाने ओल टिकते आणि मुसळधार पावसात बी वाहून जात नाही. झाकणाला दोन-तीन भोके पाडावीत, रोज थोडा वेळ ते उघडावे. हवा कोंडली की बुरशी रोपे झोपवते. पाणी वरून घालू नये, खालच्या ताटलीतून द्यावे. उजेड भरपूर, पण कोवळ्या रोपांवर दुपारचे थेट ऊन नको.

मग वाट पाहायची. साधारण दोन ते पाच आठवडे काही दिसत नाही. माझ्या घरी तिसऱ्या आठवड्यात कुंडी फेकून देण्यावर चर्चा झाली होती. चोविसाव्या दिवशी चष्मा लावून पाहिले तर मातीवर हिरवे टाचणीटोक दिसले. पहिली दोन बीजपत्रे साधी असतात. त्यानंतरचे पहिलेच पान मात्र सापळा असते. भिंग घेऊन पाहा, मोहरीच्या दाण्याहून लहान पानावर मोजके केस आणि प्रत्येकावर थेंब. या झाडाला बालपणी वेगळा आहार नसतो, ते जन्मतःच शिकारी असते.

रोपांना चार-पाच पाने आली की माशांच्या खाद्याची अगदी चिमूटभर पूड, दातकोरणीवर राहील इतकीच, पानांना लावता येते. वाढ लक्षात येण्याइतकी वेगाने होते. बर्मानी काही महिन्यांतच फुलावर येते. कॅपेन्सिसला साधारण वर्ष लागते.

आता डॉक्टर म्हणून

इथवर बागकाम झाले. आता मला माझ्या खात्याचे तीन मुद्दे सांगायलाच हवेत.

पहिला मुद्दा ताटलीतल्या पाण्याचा. दवबिंदूच्या कुंड्या पाणी भरलेल्या ताटलीत ठेवतात. एडिस डासाला अंडी घालायला अशीच जागा लागते, आणि डेंग्यू-चिकुनगुनिया पसरवणारा तो हाच डास. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. ‘डास खाणारे झाड आहे, डास होणारच नाहीत’ असे मला एका सुशिक्षित गृहस्थांनी सांगितले. झाड चार-दोन डास पकडत असेल, पण त्याच्या ताटलीतून शंभर बाहेर पडतील. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. ताटली नुसती ओतून रिकामी करू नका, कडा घासून पुसा. एडिसची अंडी कडेला चिकटतात आणि कोरड्यात महिनोन्‌महिने तग धरतात. मी ताटलीत जाड वाळू भरली आहे आणि पाणी वाळूच्या पातळीखाली ठेवते. मुळांना ओल मिळते, डासांना उघडे पाणी मिळत नाही.

दुसरा मुद्दा मॉसचा. स्फॅग्नम मॉस हाताळताना हातावर ओरखडा असेल तर स्पोरोथ्रिक्स ही बुरशी त्वचेत शिरू शकते. आधी एक गाठ, मग हातावर वर सरकत जाणारी गाठींची रांग, अशी तिची ओळख. आजार नेहमीचा नाही, म्हणूनच निदान लांबते. कोरडे मॉस किंवा पीट हाताळताना हातमोजे घाला, तोंडाला मास्क लावा, ते आधी ओले करून घ्या. आणि अशी गाठ घेऊन डॉक्टरकडे गेलात तर बागकाम करता हे आवर्जून सांगा.

तिसरा मुद्दा औषधाचा. युरोपात दवबिंदू शतकानुशतके खोकल्यावर, विशेषतः डांग्या खोकल्यावर वापरला गेला. त्यात नॅफ्थोक्विनोन गटातली रसायने आहेत आणि प्रयोगशाळेत त्यांचे काही परिणाम दिसतात, हे खरे. पण प्रयोगशाळेतली बशी म्हणजे तान्ह्या बाळाची छाती नव्हे. गॅलरीतले झाड काढ्यात घालू नका. डांग्या खोकल्यावर योग्य प्रतिजैविके आहेत आणि तो टाळायला लस आहे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट, नंतर १६ ते २४ महिन्यांदरम्यान आणि पाच-सहा वर्षांच्या वयात डीपीटीचा बूस्टर. सरकारी केंद्रात हे सगळे मोफत आहे. बाळाचे कार्ड काढून आजच तारखा पाहा.

या औषधी उपयोगाची किंमतही झाडानेच मोजली. युरोपातल्या दलदली आटल्या, तिथला दवबिंदू अनेक देशांत संरक्षित झाला. मग औषधनिर्मितीसाठी मादागास्करमधली जात रानातून गोळा होऊ लागली. पेरायचे कोणी, हा प्रश्न मागेच राहिला.

पठारावरचे पठारावर

तोच प्रश्न आता आपल्या दारात आहे. पावसाळ्यात पठारावर गेलेले काही उत्साही लोक चाकूच्या टोकाने दवबिंदू उकरून डबीत घालून आणतात. ते झाड शहरातल्या नळाच्या पाण्यावर काही आठवड्यांत मरते. आणणाऱ्याला वाटते, एक झाड गेले. प्रत्यक्षात फुलण्याआधी उचललेल्या वर्षायू झाडाबरोबर त्याचे सगळे बीही जाते. ऑक्टोबरानंतर कातळ कोरडा ठणठणीत पडतो, तेव्हा तिथे दवबिंदूचे एकही पान नसते. पुढच्या जूनपर्यंत तो फक्त बियांच्या रूपात, मातीच्या बोटभर थरात जिवंत असतो. त्या थरावर गाडी घातली, तिथला चिरा काढला किंवा फुलण्याआधी झाडे उचलली, तर पुढच्या पावसात तिथे रुजायला काही उरत नाही.

कास तर २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पण नाव नसलेले शेकडो सडे आहेत आणि त्यांना राखणदार नाही. तिथे झाड पाहा, गुडघे टेकून फोटो काढा आणि ठरलेल्या पायवाटेनेच परत या. घरी हवे असेल तर ज्याने बियांपासून वाढवले आहे त्याच्याकडून बी मागा. पुडीभर बी द्यायला कोणाचे काही जात नाही.

उलट दिशेचीही काळजी हवी. घरात जास्त झालेले कॅपेन्सिसचे बी ‘निसर्गात परत’ म्हणून सड्यावर नेऊन टाकू नका. ते त्या निसर्गातले नाही. ही जात इतके बी धरते की न्यूझीलंडने तिला उपद्रवी वनस्पतींच्या यादीत घातले आहे.

गेल्या वर्षी मी एका स्नेह्यांकडून बर्मानीचे बी आणले आणि पावसाच्या सुरुवातीला पेरले. नऊ रोपे जगली. सप्टेंबरात दांडे आले. या वेळी कात्री खणातच राहिली. रविवारी सकाळी अकराच्या सुमारास पहिले पांढरे फूल उघडले आणि दुपारी जेवण आटोपून आले तोवर मिटलेही. डिसेंबरात नऊच्या नऊ झाडे वाळली. आदल्या वर्षी याच महिन्यात मी पाण्याला आणि उन्हाला दोष देत बसले होते. या वर्षी कागद पसरून टिचक्या मारत बसले.

फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आता तीन पुड्या आहेत. एक माझी, एक भाच्याची. तिसऱ्या पुडीवर अजून नाव लिहिलेले नाही.